सामनच्या स्नायूतला रंग: बांधलेला की नुसता चिकटलेला?

मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन सामनवर काम करायला नॉर्वे, स्कॉटलंड किंवा कॅनडाला निघालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. कॅरोटिनॉइड कशाला म्हणतात, ॲक्टिन आणि मायोसिन काय करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. सांगायचं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: सेंट्रिफ्यूज केल्यावर नळीच्या तळाशी नारिंगी गोळा बसला, म्हणजे रंगद्रव्य प्रथिनाशी बांधलं गेलं असं होत नाही. एवढं नीट उमजायला माझ्या पीएचडीचा फार मोठा काळ गेला. अजूनही कोणाचा बंधनाचा आलेख समोर आला की माझी नजर आधी कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नळ्यांच्या, रकान्याकडे जाते.

पार्श्वभूमी भरभर सांगतो. सामनच्या मांसाचा रंग ॲस्टाझॅन्थिन या कॅरोटिनॉइडचा. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणून विकतात, पण तो वेगळ्याच कुळातला मासा, त्याचा इथे संबंध नाही.) सामन हे रंगद्रव्य स्वतः तयार करत नाही. समुद्रात ते क्रिलसारख्या कवचधारी जिवांतून मिळतं, पिंजऱ्यात वाढवलेल्या माशाला खाद्यातून द्यावं लागतं. कातडीत ते बहुतेक एस्टरच्या रूपात असतं, स्नायूत मात्र मुक्त रूपात. १९८९ साली हेन्मी आणि हाता यांनी जपानमध्ये दाखवलं की स्नायूत ते ॲक्टोमायोसिनला, म्हणजे ॲक्टिन आणि मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनांच्या जोडीला, धरून असतं. ही पकड सैल, जलविरोधी स्वरूपाची. रेणूच्या टोकाचं वलय प्रथिनाच्या पाणी नकोशा असलेल्या भागात टेकतं. पुढे २००६ साली अटलांटिक सामनमध्ये अल्फा-ॲक्टिनिनचं नाव पुढे आलं. ॲक्टिनचे तंतू झेड-चकतीपाशी (जिथे ते तंतू रोवलेले असतात) एकत्र बांधणारं, साधारण १०० किलोडाल्टनचं हे प्रथिन. इतकं पुरे.

आता सापळा. बंधनाचा नेहमीचा प्रयोग असा: ताज्या माशाच्या स्नायूतून ०.६ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ॲक्टोमायोसिन काढायचं, त्यात ॲसिटोन किंवा डीएमएसओ अशा द्रावकात विरघळवलेलं ॲस्टाझॅन्थिन टाकायचं, थोडा वेळ थंडीत ठेवायचं, क्षारता (म्हणजे मिठाचं प्रमाण) उतरवून प्रथिन खाली पाडायचं, फिरवायचं आणि गोळ्यात किती रंग आला ते मोजायचं. वाचायला निर्मळ वाटतं. पण ॲस्टाझॅन्थिन पाण्यात विरघळतच नाही. द्रावकातला थेंब बफरमध्ये पडला की त्याचे रेणू एकमेकांना धरून बारीक कण बनवतात, आणि हे कण प्रथिन असो वा नसो, फिरवल्यावर तळाला जातात. खाली पडणारं प्रथिन जाता जाता आणखी कण ओढून नेतं. गोळा सुंदर नारिंगी दिसतो. रंगद्रव्य वाढवलं की गोळ्यातला रंग वाढतो, आलेख सरळ चढतो, आणि सगळे खूश होतात.

तो सरळ चढणं हीच खरी धोक्याची खूण आहे. ठराविक जागी बसणारा बंध कधीतरी भरतो, आलेख आडवा होतो. जो आलेख आडवा व्हायचं नावच घेत नाही, तो बहुधा कण मोजतोय. पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली तर डाग बसतो, पण सुताच्या धाग्यात हळदीसाठी जागा राखून ठेवली होती असं आपण म्हणत नाही. इथेही तेच आहे.

दुसरी फसगत वर्णपटात होते. ॲसिटोन किंवा इथेनॉलमध्ये ॲस्टाझॅन्थिनचं प्रकाश शोषण्याचं एकच रुंद शिखर दिसतं, ४८० नॅनोमीटरच्या आसपास. पाण्याचं प्रमाण वाढलं की रेणूंची रचना बदलते आणि शिखर सरकतं. कधी ते ३९० च्या खाली जातं, कधी ५०० च्या पुढे खांदा फुटतो. प्रथिनाचा यात काडीचा हात नसतो. पण आपण सगळे क्रस्टासायनिन हे शेवंडाच्या कवचातलं प्रथिन शिकून आलेलो असतो. हेच ॲस्टाझॅन्थिन त्या प्रथिनाशी बांधलं जातं तेव्हा शिखर थेट ६३२ पर्यंत जातं, कवच निळसर दिसतं, आणि उकळल्यावर प्रथिन उलगडून ते लाल होतं. त्यामुळे ‘शिखर सरकलं म्हणजे बंध’ हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. सामनच्या स्नायूत तसा निळा बदल होत नाही, मांस नारिंगी-गुलाबीच राहतं. तेव्हा वर्णपट सरकलेला दिसला की आधी विनाप्रथिन नळीचा वर्णपट घ्या. घ्याच. शिवाय ॲक्टोमायोसिनचं द्रावण गढूळ असतं, प्रकाश विखुरतो आणि आकडा उगाच फुगतो. म्हणून मोजमाप गोळ्यातून रंग द्रावकात काढूनच करा.

म्हणून प्रत्येक वेळी, प्रत्येक खेपेला, विनाप्रथिन नळी त्याच वेगाने, तितकाच वेळ फिरवा आणि तळाशी आलेला रंग वजा करा. द्रावकाचं प्रमाण सगळ्या नळ्यांत एकसारखं ठेवा. रंगद्रव्य वाढवायचं तर स्टॉक (मूळ द्रावणं) वेगवेगळ्या तीव्रतेचे बनवा, थेंब वाढवू नका. उष्णतेने बिघडवलेलं प्रथिन एका नळीत असू द्या. आणि तुलनेसाठी दुसरं एखादं प्रथिन ठेवताना एक गोष्ट लक्षात ठेवा: सगळे डोळे मिटून बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गायीच्या रक्तातलं प्रथिन) घेतात, पण अल्ब्युमिन अशा रेणूंना धरण्यासाठी प्रसिद्धच आहे, आणि सामनच्या रक्तातलं अल्ब्युमिन ॲस्टाझॅन्थिन वाहून नेताना सापडलेलं आहे. ते ‘न बांधणारं प्रथिन’ म्हणून चालणार नाही. स्पर्धेचा प्रयोगही करा: कॅन्थाझॅन्थिन हे तशाच घडणीचं दुसरं कॅरोटिनॉइड वाढवत नेलं की ॲस्टाझॅन्थिन जागा सोडतं का? सोडत असेल तर तुमच्या हाती काहीतरी ठोस आहे.

हे वाचून घाबरून जाऊ नका. या कामात पहिले कित्येक महिने आकडे जुळत नाहीत, आणि ते तुमच्या हाताच्या दोषामुळेच असतं असं नाही. सैल बंध मोजणं जगात कुठेही अवघडच आहे. थंड पाण्यातल्या माशाचं मायोसिन गायी-सशांच्या मायोसिनपेक्षा कितीतरी नाजूक. बर्फाबाहेर थोडा वेळ राहिलं तरी बिघडतं. रंगद्रव्य उजेडात आणि हवेत नासतं. दोन्ही बाजू एकाच वेळी सांभाळायच्या असतात. ज्यांना घरापासून दूर, काळोख्या हिवाळ्यात, अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली काम करायचं आहे त्यांना मी मनापासून सांगतो: त्या दिवसांत हुरूप गेला म्हणून आपण या क्षेत्राचे नाही, असा निष्कर्ष काढू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. संगणकावर डॉकिंग करून, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याचा अंदाज बांधून, ‘बंधनाची ऊर्जा’ काढायची आणि त्यावर पेपर लिहायचा, हे मला पटत नाही. ॲस्टाझॅन्थिन लांब, तेलकट रेणू आहे. तो जवळजवळ कोणत्याही खोबणीत ‘बसतो’ असंच सॉफ्टवेअर सांगेल. डॉकिंगने प्रश्न सुचू द्यावा, उत्तर नळीतूनच यावं. मांसाचा रंग ताडून पाहायच्या रंगपट्ट्यांच्या पंख्याबद्दलही तसंच. सॅल्मोफॅन नावाच्या या पंख्यावर २० ते ३४ असे अंक असतात आणि उद्योगाला तो रोज लागतो, पण त्यावरून बंधाबद्दल एक अक्षरही बोलता येत नाही.

आणि गाईड निवडताना नावाला भुलू नका. मोठे प्राध्यापक वर्षातून थोडा वेळ भेटतात. लॅबमध्ये जी तंत्रज्ञ बाई वीस वर्षं ॲक्टोमायोसिन काढतेय, तिला क्षारता उतरवताना पाणी किती हळू घालायचं ते माहीत असतं, आणि ते कुठेही छापलेलं नसतं. प्रवेशाआधी त्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांशी बोला. कंट्रोल फसला तर तिथे काय होतं, हे विचारा. ‘सर चिडतात’ असं उत्तर आलं तर दुसरी जागा शोधा.

जायच्या आधी इथेच सराव करायचा असेल तर कुपा (ट्यूना) घ्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवर ताजा मिळतो आणि त्याच्या लाल मांसात मायोग्लोबिन भरपूर असतं. हेही स्नायूतलं रंगद्रव्यच, पण इथे हीम या रंगीत भागातलं लोह प्रथिनातल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाला धरून असतं. पाण्यात विरघळतं, शिखरं स्पष्ट येतात: ऑक्सिजन धरलेल्या मायोग्लोबिनची ५४० आणि ५८० च्या आसपास, तपकिरी मेटमायोग्लोबिनचं ६३० जवळ. पक्का, मोजून एकास एक असलेला बंध डोळ्यांनी पाहिलेला असला की सैल बंधाचा गोंधळ ओळखता येतो. वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत असाल, तर तुमच्या शिक्षकांना हा प्रयोग बसवून द्यायला सांगा. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि बर्फ पुरतो.

एक शेवटची सूचना, प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणासाठी. बंध मोजला म्हणून माशाच्या रंगाचं कोडं सुटलं असं लिहू नका. हॅलिबट पांढऱ्या मांसाचा, तरी त्याचं ॲक्टोमायोसिन नळीत ॲस्टाझॅन्थिन धरतं. पॅसिफिकमधल्या चिनूक सामनमध्ये एकाच समुद्रात वाढलेले काही मासे लाल आणि काही पांढरे निघतात, आणि तो फरक बीसीओ२ या कॅरोटिनॉइड तोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाशी जोडलेला आहे. म्हणजे रंग ठरण्यात आतड्यातलं शोषण, रक्तातली वाहतूक आणि मोडतोड यांचा वाटा मोठा. खाद्यातून दिलेल्या ॲस्टाझॅन्थिनपैकी थोडाच भाग स्नायूत टिकतो. परीक्षक हा प्रश्न विचारतातच. तेव्हा बंधनाच्या आकड्यांशेजारी त्याच माशांच्या रक्तातले आणि यकृतातले आकडेही असू द्या, आणि ते नमुने पहिल्या दिवसापासून उणे ८० अंशांत, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायला लागा.