दुसऱ्याच्या अहवालावर बोलणारा तज्ज्ञ : हरकत घेताना या चुका टाळा

मुद्देमाल एकीने तपासायचा आणि साक्षीला दुसऱ्याने उभं राहायचं, हे अमेरिकेतल्या फौजदारी खटल्यांत नेहमी घडतं. आरोपीला आपल्याविरुद्धच्या साक्षीदाराची समोरासमोर उलटतपासणी घेण्याचा हक्क सहाव्या घटनादुरुस्तीने दिला आहे. तो अशा वेळी हातातून निसटतो, आणि बहुतेकदा वकिलाच्या गाफीलपणामुळेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक : 'हा मजकूर खरा आहे म्हणून नव्हे, तज्ज्ञाच्या मताचा आधार कळावा म्हणून सांगतोय' हा सरकारी पक्षाचा युक्तिवाद निमूट ऐकून घेणं. 'स्मिथ विरुद्ध ॲरिझोना' या २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. त्या खटल्यात तपासणी करणारी विश्लेषक साक्षीला आलीच नाही. बदली तज्ज्ञाने तिचा अहवाल आणि टिपणं वाचली, तिने कोणत्या चाचण्या केल्या ते सांगितलं आणि तो पदार्थ अमली असल्याचं 'स्वतःचं' मत दिलं. पण तिने लिहिलेलं चुकीचं असेल तर त्या मतात उरतं काय? तिचं लिखाण खरं धरलं तरच ते मत उभं राहतं. म्हणजे ते खरं म्हणूनच पुराव्यात आलं, आणि मग ते लिहिणारीच्या उलटतपासणीच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो.

हा निकाल दाखवला की काम झालं, असं मात्र समजू नका. हा हक्क फक्त 'साक्षीच्या स्वरूपाच्या' विधानांना, म्हणजे ढोबळमानाने खटल्यात पुरावा म्हणून वापरण्यासाठी केलेल्या विधानांना, लागू होतो. ती विधानं तशी होती का, हा प्रश्न न्यायालयाने खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. तेव्हा प्रत्येक कागदाला वेगळा प्रश्न विचारा : हा कशासाठी लिहिला गेला? खटल्यात वापरण्यासाठी केलेला अहवाल आणि प्रयोगशाळेच्या अंतर्गत कामासाठी ठेवलेली नोंद यांत फरक पडू शकतो.

नुसतं 'ऐकीव पुरावा' (न्यायालयाबाहेर दुसऱ्याने केलेलं विधान खरं म्हणून मांडणं) एवढीच हरकत घेऊन खाली बसणं ही माझ्या मते सर्वांत टाळता येण्यासारखी चूक. त्या हरकतीला पुराव्याच्या नियमांत उत्तर सापडतं : संघीय नियम ७०३ प्रमाणे, त्या क्षेत्रातले तज्ज्ञ एरवी विसंबतात अशी माहिती स्वतंत्रपणे ग्राह्य नसली तरी मताला आधार होऊ शकते. घटनात्मक हक्कावर त्याने मात करता येत नाही. म्हणून 'ऐकीव पुरावा, आणि शिवाय सहाव्या घटनादुरुस्तीचा भंग' अशी दोन्ही कारणं नोंदीवर आणा. दुसरं राहिलं, तर अपिलात तो मुद्दा उचलणं फार जड जातं.

काही राज्यांत सरकारी पक्ष अहवालाची आगाऊ नोटीस देतो आणि विश्लेषकाला हजर करण्याची मागणी आरोपीने मुदतीत करायची असते. मुदत चुकली की हक्क सोडल्यासारखंच. ती तारीख आधी डायरीत टाका.

उलट टोकालाही जाऊ नका. प्रयोगशाळेतली सर्वसाधारण पद्धत समजावणारा किंवा गृहीतकावर आधारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा तज्ज्ञ चालतो. यंत्राने काढलेला आलेख त्याने स्वतः वाचून मत दिलं, तर तो आलेख यंत्राचा आहे, माणसाचं विधान नव्हे, असं अनेक न्यायालयं मानतात. तिथे सरसकट हरकत घेऊन न्यायाधीशांचा विश्वास घालवू नका. यंत्रात कोणता नमुना घातला, त्याआधी यंत्र तपासलं होतं का, हे विचारा. आलेख वाचणाऱ्याला ते सहसा दुसऱ्याच्या टिपणातूनच सांगावं लागतं, आणि हरकत घ्यायची ती तिथे.