समुद्री खनिजांच्या व्यवसायात येणाऱ्यांसाठी

कृषी रसायनशास्त्र किंवा मृदाशास्त्र शिकलेले अनेक विद्यार्थी समुद्री खनिजे आणि समुद्रशेवाळाचे अर्क तयार करणाऱ्या कंपन्यांत नोकरीसाठी येतात. मी या क्षेत्रात उत्पादनविकासाचे आणि शेतावरील चाचण्यांचे काम करतो. नवीन सहकाऱ्याच्या हाती माहितीपत्रक देण्याआधी मी त्याला या व्यवसायाचा उगम सांगतो, कारण आज बाटल्यांवर जे दावे छापले जातात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ तिथेच सापडते आणि त्यांची मर्यादाही तिथेच कळते.

समुद्राचे क्षार थेट पिकाला देण्याची कल्पना अमेरिकेत रुजवली ती मेनार्ड मरे यांनी. ते पेशाने डॉक्टर होते. पावसाने आणि नद्यांनी जमिनीतील खनिजे हजारो वर्षे समुद्रात वाहून नेली आहेत, त्यामुळे जमिनीत जे कमी पडले ते सर्व समुद्रात आहे, आणि समुद्राचे पाणी आटवून मिळणारे क्षार शेतात परत घातले तर पीक व ते खाणारे प्राणी निरोगी होतील, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी स्वतः पिकांवर प्रयोग केले, १९६३ साली या पद्धतीचे पेटंट मिळवले आणि १९७६ साली आपले विचार पुस्तकरूपाने मांडले. आज जगभर विकल्या जाणाऱ्या समुद्री खनिजांच्या अनेक उत्पादनांची मांडणी त्यांच्याच विचारांवर उभी आहे. मरे यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. मात्र समुद्रात मूलद्रव्ये ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात ती पिकाला हवी असतात, हे गृहीतक मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे प्रत्येक नवख्याने स्वतः आकडेमोड करून पाहावे.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास वाटा सोडियम आणि क्लोराइड या दोघांचाच असतो. मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, कॅल्शियम आणि पालाश (पोटॅशियम) प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या जवळपास, तर बोरॉन साडेचार मिलिग्रॅम इतके असते. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) नगण्य, आणि लोह व जस्त तर त्याहूनही कमी. आता हेच पाणी शंभरपट पातळ करून एकरी २०० लिटरची फवारणी केली, तर एका एकराला पोटॅशियम मिळेल जेमतेम ०.८ ग्रॅम, मॅग्नेशियम २.६ ग्रॅम आणि बोरॉन ९ मिलिग्रॅम. ज्या पिकाची पालाशाची गरज एकरी किलोंमध्ये मोजली जाते, त्याची भूक यातून भागणे शक्य नाही. मात्रा वाढवावी म्हटले तर सोडियम आडवा येतो. ज्या मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता (ईसी) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर जाते, तिला आपण क्षारयुक्त म्हणतो. समुद्राच्या पाण्याची ईसी ५० च्या घरात असते. कोकणातील शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्या पिढ्या समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून खारबंदिस्तीचे बांध घालत आल्या आहेत, आणि खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती शोधण्यासाठी पनवेल येथे खारभूमी संशोधन केंद्र चालते.

मग या व्यवसायाला आधार कशाचा? माझ्या मते तो दोन ठिकाणी आहे.

पहिला आधार मिठागराचा. पाणी आटत जाते तसे आधी जिप्सम खाली बसते, नंतर मीठ, आणि शेवटी जे कडवट दाट पाणी उरते त्यात मॅग्नेशियम, पालाश आणि ब्रोमीन एकवटलेले असतात. सोडियमचा मोठा भाग वेगळा झाल्यामुळे खतासाठी हे पाणी मूळ समुद्रजलापेक्षा कितीतरी उपयुक्त कच्चा माल ठरते. १९५४ साली भावनगर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने या उरलेल्या पाण्यापासून सल्फेट ऑफ पोटॅश हे पालाशयुक्त खत बनवण्याची पद्धत विकसित केली. म्युरेट ऑफ पोटॅश या दुसऱ्या पालाशयुक्त खतासाठी आपला देश आयातीवर अवलंबून असल्याने या कामाचे मोल मोठे आहे. रसायनशास्त्राची आवड असणाऱ्यांनी या शाखेकडे जरूर वळावे.

दुसरा आधार समुद्रशेवाळाचा. आयर्लंड, स्कॉटलंड आणि फ्रान्समधील ब्रिटनी येथील किनाऱ्यांवर शेतकरी वाहून आलेले शेवाळ पूर्वापार शेतात घालत आले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड मिल्टन यांनी त्याचा द्रवरूप अर्क बनवण्याची पद्धत बसवली आणि आजच्या अर्कांचा बाजार त्यातून उभा राहिला. भारतात भावनगरच्या संस्थेने कॅपाफायकस या लाल शेवाळावर काम केले. ताजे शेवाळ पिळून रस खतासाठी आणि चोथा कॅरॅजीनन या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थासाठी वापरायचा, ही त्यातील कल्पना. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बचत गटांतील महिलांनी या शेवाळाची लागवड केली. इफ्कोचे ‘सागरिका’ हे शेवाळाच्या अर्काचे उत्पादन अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. या रसात पालाशाबरोबर सायटोकायनिन गटातील संजीवके आणि ग्लायसीन बीटेनसारखी संयुगे असतात. त्यांची मात्रा अल्प असली तरी परिणाम दिसू शकतो, कारण ती पिकाला अन्न पुरवत नाहीत, त्याच्या वाढीचे आणि ताण सोसण्याचे नियमन करतात. काही अर्क काढताना पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, त्यामुळे लेबलवरील पालाशाचा काही भाग समुद्रातून आलेलाच नसतो. लेबलवरचा पालाश नेमका कुठून आला, हा प्रश्न मुलाखतीत मी आवर्जून विचारतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जैवउत्तेजके (पिकाच्या वाढीला चालना देणारी अशी उत्पादने) खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आणि समुद्रशेवाळाच्या अर्कांनाही नोंदणी लागू झाली. तीन मात्रांच्या, तीन वेगवेगळ्या कृषी-हवामान क्षेत्रांतील चाचण्या आता कृषी विद्यापीठे किंवा तत्सम संशोधन संस्थांमार्फत कराव्या लागतात. मला हा बदल मनापासून स्वागतार्ह वाटतो, कारण त्यामुळे या क्षेत्रात खऱ्या कृषिशास्त्रज्ञांची गरज निर्माण झाली.

तुमच्या कामाचा गाभा ही चाचणीच असेल. फवारलेला आणि न फवारलेला अशा दोन ओळी शेजारी दाखवणे म्हणजे चाचणी नव्हे. रँडमाइज्ड ब्लॉक पद्धतीने (शेताचे गट पाडून प्रत्येक गटात कोणत्या प्लॉटला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवून) पुरेशा पुनरावृत्ती घ्याव्यात, केवळ पाणी फवारलेला प्लॉट ठेवावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्कातील पालाश व मॅग्नेशियमइतकीच मात्रा साध्या विद्राव्य खतातून दिलेला आणखी एक प्लॉट ठेवावा. अर्काचा प्लॉट या शेवटच्या प्लॉटपेक्षा सरस ठरला, तरच फरक अर्कातील संयुगांमुळे पडला असे म्हणण्यास जागा राहते. विक्री विभागाला हा प्लॉट नेहमी आवडतो असे नाही, तरी तो सोडू नये. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात तर देठ परीक्षणात (पानांच्या देठांच्या प्रयोगशाळेतील तपासणीत) सोडियम आणि क्लोराइड पाहिल्याशिवाय समुद्री क्षारांचे कोणतेही उत्पादन सुचवू नये. तिथे अनेक बागांचे पाणीच क्षारयुक्त असते आणि जुन्या पानांच्या कडा करपण्याची तक्रार बागायतदारांना नवी नाही.

तयारी म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षी सांख्यिकी मनापासून शिका, ईसी मीटर आणि सोडियम-पोटॅशियम मोजणारा फ्लेम फोटोमीटर स्वतः हाताळा, आणि एखादा हंगाम मिठागरावर किंवा शेवाळ लागवडीच्या किनाऱ्यावर राहून कच्चा माल कसा बदलतो ते पाहा. पाऊस, ऋतू आणि पाण्याची क्षारता यांनुसार शेवाळाचा रस प्रत्येक खेपेला वेगळा येतो, आणि तो एकसारखा राखणे हे कारखान्यातले सर्वांत अवघड काम आहे. प्रत्येक खेपेचे विश्लेषण वाचून ती शेतकऱ्यापर्यंत पाठवायची की थांबवायची, हा निर्णय नोकरीच्या पहिल्या वर्षातच तुमच्याकडे येऊ शकतो.