वारसा-पर्यटनाच्या अंकासाठी छायाचित्रे कशी निवडावीत

विदर्भातील वारसास्थळांवर अंक काढायचा म्हटले की लेखांची वाट पाहावी लागते, छायाचित्रे मात्र न मागताही शेकड्यांनी येऊन पडतात. त्यांतली सुंदर कोणती, हे पहिल्या बैठकीतच कळते आणि तिथेच संपादक फसतो. वारसा-पर्यटनाच्या अंकातील छायाचित्र पाहून वाचक एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने तिथवर जाणार असतो. म्हणून निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो असा, की या जागी उभे राहिल्यावर त्याला हे दिसेल का?

लोणारचे उदाहरण घ्या. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली आणि अजूनही लोणारवर लेख आला की तीच पुढे केली जातात. पाण्यातील क्षार वाढल्यामुळे फोफावलेल्या सूक्ष्मजीवांचा तो काही काळापुरता परिणाम होता. एरवी पाणी हिरवट असते. असे छायाचित्र छापू नये असे माझे म्हणणे नाही, पण ते महिना-वर्षासह आतल्या पानावर जावे आणि मुखपृष्ठावर नेहमीचे लोणार असावे. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाचेही तसेच आहे. श्रावणात हिरवागार झालेला किल्ला पाहून एप्रिलमध्ये आलेल्या माणसाला सगळीकडे वाळलेले गवत दिसते. ऋतू सांगितलेला असेल, तर त्याची तक्रार राहत नाही.

स्थळाचे महत्त्व ज्या गोष्टीत आहे, ती चौकटीत आली पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि तीर्थ म्हणून त्या जागेचा महिमा त्याच्याशी जोडलेला आहे. तेव्हा देवळांची दहा छायाचित्रे असली आणि नदी एकाही छायाचित्रात नसली, तर निवड अपुरी आहे. एक दुरून घेतलेले, परिसर सांगणारे छायाचित्र आणि एक अगदी जवळून घेतलेले, अशी जोडी मला बहुतेक लेखांना पुरेशी वाटते. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, सिंह आणि हत्ती कोरलेले आहेत. भर दुपारच्या उन्हात काढलेल्या छायाचित्रात हे कोरीव काम सपाट, भिंतीला चिकटल्यासारखे दिसते. तिरप्या उन्हात प्रत्येक पंखाला सावली मिळते आणि दगड उठून येतो. त्यामुळे एकाच शिल्पाची पाच छायाचित्रे आली असतील, तर कॅमेरा कोणता होता हे न पाहता सावली कुठे पडली आहे ते पाहावे. देवळावर डागडुजीची परांची चढलेली असेल, तर जुने मोकळे छायाचित्र शोधत बसण्यापेक्षा परांचीसकट छापावे.

तांत्रिक बाब थोडक्यात सांगतो. छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले, तर ए-४ आकाराच्या पूर्ण पानाला साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र दाबून लहान केले जाते, म्हणून छायाचित्रकाराला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ई-मेलने पाठवायला सांगावे. दोन पानांवर पसरणाऱ्या छायाचित्रात शिखर किंवा माणसाचा चेहरा नेमका शिवणीत जात नाही ना, हे पाहावे. मुखपृष्ठासाठी वरच्या भागात अंकाचे नाव बसेल एवढे मोकळे आभाळ असावे.

माणसांची छायाचित्रे निवडताना अधिक वेळ द्यावा. पोळ्याच्या छायाचित्रांत झूल आणि बाशिंग घातलेले बैल सगळेच पाठवतात. आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला बैलाच्या खांद्यावर तूप-हळद चोळणारा शेतकरी क्वचित येतो, आणि आला तर मी तोच घेतो. करवतकाठी साडीच्या लेखात हसऱ्या विणकराच्या चेहऱ्यापेक्षा काठाचे करवतीसारखे दाते आणि त्यांतून आडवा धागा घेऊन फिरणारा धोटा वाचकाला अधिक सांगतो. ज्याचा चेहरा ओळखू येतो, त्याची संमती घेतली आहे का, हे छायाचित्रकाराला विचारावे, आणि छापलेला अंक त्या माणसाच्या घरी पोहोचवावा.

एक चूक माझ्या हातून घडली आहे. एका छायाचित्रात हेमाडपंती देवळाचे तोंड पानाच्या बाहेरच्या बाजूला होते, म्हणून मांडणी करताना आम्ही ते आरशासारखे उलटवले. अंक गावात गेला आणि तिथल्या गुरवांचा फोन आला, “भाऊ, आमचा पिंपळ इकडचा तिकडे कवा गेला जी?” तेव्हापासून छायाचित्र उलटवायचे नाही, हा आमचा नियम आहे. मूर्तीच्या हातातील आयुधे डावी-उजवीकडे बदलली, तर मूर्तीची ओळखच बदलते. पिंपळाचे त्यामानाने निभावून गेले.

इंटरनेटवरून उचललेले छायाचित्र, कितीही चांगले असले तरी, बाजूला ठेवावे. कराराने वेगळे ठरलेले नसेल, तर आपणहून काढलेल्या छायाचित्राचा हक्क सामान्यतः छायाचित्रकाराकडेच असतो, म्हणून त्याची लेखी परवानगी घ्यावी आणि नाव छायाचित्राशेजारीच छापावे, शेवटच्या पानावरील यादीत नव्हे. छायाचित्राखालच्या ओळीत गाव, तालुका, जिल्हा, महिना आणि वर्ष यावे. “निसर्गरम्य परिसर” ही ओळ मी दिसताक्षणी खोडतो आणि तिच्या जागी छायाचित्र कोणत्या दिशेने काढले आहे, ते लिहायला सांगतो.