पिंप, भरडा आणि आधण: धान्यापासून घरची बिअर

आमचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात होतं. काहिलीतला रस तापून मळी वर आली की वडील ती काढून टाकत, मग रानभेंडीचा चिकट रस सोडत, आणि थोड्याच वेळात रस निवळून निघे. शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायला आल्यावर शेजाऱ्यांच्या अंगणात पहिल्यांदा सातूचं गोड पाणी उकळताना पाहिलं, तेव्हा मला त्यातलं काहीच परकं वाटलं नाही. तोच फेस, तोच उतू जायचा धाक. उकळण्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ते आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ टाकत होते. त्याचं काम रानभेंडीचंच, गढूळपणा धरून खाली बसवायचा.

तेव्हापासून नऊ वर्षं मी बिअर करते. सुरुवातीची दोन वर्षं डब्यातल्या तयार पाकाची केली, मग सरळ धान्यापासून. जी मांडणी मी आज वापरते तिचं निम्मं सामान जुनं आहे आणि निम्मं हार्डवेअरच्या दुकानातलं. १९ लिटर बिअर उतरेल असा तिचा बेत आहे.

आधी कायद्याचं सांगून टाकते. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरी पिण्यापुरती बिअर करायला केंद्राची मोकळीक मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची नाही, आणि आपल्या राज्याचे नियम वेगळे बघायचे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. सुट्टीत गेले की भाऊ दरवेळी विचारतो, आणि दरवेळी त्याला मी हेच सांगते.

माल्ट म्हणजे काय हे आपल्याकडच्या बाईला समजवावं लागत नाही. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची की बाळाचं सत्त्व तयार. सातूचं तसंच केलं की माल्ट. मोड येताना दाण्यात जी पाचकद्रव्यं तयार होतात ती गरम पाण्यात जागी होतात आणि पिठुळाची साखर करतात. आपली सगळी मांडणी या एका तासासाठी असते: भरडा आणि पाणी ६५ ते ६८ अंश सेल्सिअसवर धरून ठेवायचं. ६५ च्या बाजूला राहिलं तर बिअर हलकी, कोरडी होते. ६८ च्या बाजूला गेलं तर अंगाने भरलेली होते.

पिंप

बांधकामावर पाणी प्यायला ठेवतात तसं १० गॅलनचं, म्हणजे ३८ लिटरचं उभं गोल कूलर पिंप घ्या. त्याची दाबायची तोटी काढून टाका. त्या भोकात अर्ध्या इंचाचा स्टेनलेसचा बल्कहेड, म्हणजे पिंपाच्या भिंतीतून आरपार जाणारा जोड, बसतो. आतून एक सिलिकॉनचा वॉशर, बाहेरून एक, आट्यांवर टेफ्लॉन टेप, आणि बाहेरच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह. पितळेचा भाग स्वस्त मिळतो, पण पितळेत थोडं शिसं असू शकतं, म्हणून मी स्टेनलेसवर चार पैसे जास्त घातले.

आत तळाशी भोकं पाडलेली घुमटाकार जाळी ठेवायची आणि सिलिकॉनच्या नळीने ती व्हॉल्व्हला जोडायची. मी आधी नळाच्या पाइपवर असते ती स्टीलची वीण सोलून वापरली होती. ती चालते, पण जोरात ढवळताना पळा अडकला की चपटी होते. जाळी घेतल्यापासून तो त्रास संपला.

गळती तपासायची ती गार पाण्याने नाही. माझं पिंप गार पाण्यात रात्रभर थेंबही गळलं नव्हतं, आणि पहिल्याच दिवशी आधण ओतल्यावर वॉशरच्या कडेने धार लागली. उष्णतेने प्लॅस्टिक नरम पडतं आणि नट सैल होतो. ७५ अंशांचं पाणी भरून तासभर ठेवा, तापलेल्या अवस्थेतच नट पाव फेरा आवळा, मगच विश्वास ठेवा.

उकळायला ३८ लिटरचं स्टीलचं पातेलं आणि प्रोपेनची शेगडी. शेगडी उघड्यावरच पेटवायची. थंडीत गॅरेजचं दार अर्धं लावून आत पेटवायचा मोह होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा हे कधीही करू नका. आणि पायात बूट हवेत. काहिलीजवळ अनवाणी यायला वडील आम्हाला देत नसत, आणि इथे २६ लिटर उकळतं पाणी असतं.

लाकडी पळ्याच्या दांड्यावर खुणा करून घ्या. पातेल्यात दोन-दोन लिटर गार पाणी मोजून ओतायचं, पळा उभा धरायचा, पातळी दिसेल तिथे सुरीने खाच. पुढचे सगळे हिशेब या खाचांवर चालतात. उकळतं पाणी सुमारे चार टक्के फुगलेलं असतं, तेवढं मनात धरायचं.

आधणाचा हिशेब

पाच किलो माल्टला किलोमागे तीन लिटर, म्हणजे १५ लिटर आधण. ते किती तापवायचं? हव्या असलेल्या तापमानातून धान्याचं तापमान वजा करा, त्याला ०.४१ ने गुणा, किलोमागच्या लिटरांनी भागा, आणि आलेला आकडा हव्या असलेल्या तापमानात मिळवा. धान्य २० अंशांवर आणि मॅश, म्हणजे भरडा आणि पाण्याचं मिश्रण, ६७ वर हवा असेल तर ४७ गुणिले ०.४१ भागिले ३, म्हणजे साडेसहाच्या आसपास. आधण साडेत्र्याहत्तर. जानेवारीत गॅरेजमधलं धान्य ५ अंशांवर असतं, तेव्हा तेच आधण साडेपंचाहत्तर लागतं. हा दोन अंशांचा फरक मी पहिल्या हिवाळ्यात धरला नव्हता, आणि दोन खेपा पाणचट झाल्या. पिंप आधी गरम पाण्याने विसळून तापवलेलं असेल तरच हा हिशेब जुळतो.

आधण पिंपात, मग भरडा थोडा थोडा सोडत ढवळायचं, पिठलं करताना बेसन सोडतो तसं. गुठळी बाहेरून ओली आणि आतून कोरडी राहते. चोथ्यात अशी एक गुठळी मी बोटांनी फोडली तेव्हा आत पांढरं कोरडं पीठ निघालं, तासभर गरम पाण्यात बसूनही. तेवढी साखर वाया. म्हणून भरडा घातल्यावर पाच मिनिटं तळापासून ढवळते, झाकते, आणि तास भरेपर्यंत मधे एकदाच उघडते.

तासाने तोटी अगदी थोडी उघडायची. पहिलं तीन-चार लिटर पाणी गढूळ येतं. ते एका ताटलीवरून हलकेच परत पिंपात सोडायचं. टरफलांचा थर बसला की तोच गाळणी होतो आणि पाणी स्वच्छ यायला लागतं. पाच किलो धान्य सुमारे पाच लिटर पाणी पिऊन बसतं, थोडं तळाशी राहतं, त्यामुळे पहिल्या पाण्याचे साडेनऊ लिटर मिळतात. मग ७५ अंशांचं साडेसोळा लिटर दुसरं पाणी ओतून नीट ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि तेही काढायचं. एकूण २६. धान्य ७७ च्या वर तापवू नका, टरफलातला तुरटपणा उतरतो.

तासभर उकळताना माझ्या शेगडीवर चार लिटर आटतं. उकळी फुटायच्या आधीची पाच मिनिटं जागचं हलू नका. उतू जातं ते तेव्हाच. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. कडवटपणाचे हॉप्स सुरुवातीला, वासाचे शेवटी.

सुधारणा कुठून सुरू करावी

पंप, स्टीलची तीन मजली मांडणी, स्पर्शपडद्याचं नियंत्रण, या सगळ्याला मन ओढतं. मी म्हणेन, आधी एक वही आणि एक हायड्रोमीटर घ्या. पाण्यात किती साखर उतरली ते हायड्रोमीटर दाखवतो; साध्या पाण्यात १.०००, आणि १.०३६ दाखवला तर ३६ गुण. एक किलो चांगल्या माल्टमधून एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ३०० च्या आसपास गुण उतरतात. पाच किलोचे १५००. उकळायच्या आधी २६ लिटर आहे आणि नमुना गार केल्यावर हायड्रोमीटर १.०३६ दाखवतो, तर २६ गुणिले ३६ म्हणजे ९३६. पंधराशेतले ९३६, म्हणजे ६२ टक्के. माझ्या पहिल्या खेपेचा आकडा हाच आहे. बाकीचे ३८ टक्के मी चोथ्याबरोबर फेकून दिले होते.

चोर सापडला तो भरड्यात. धान्य मी दुकानातून भरडून आणत होते. एकदा मूठभर भरडा स्टीलच्या ताटात पसरला आणि शंभर दाणे वेगळे काढले, तांदूळ निवडतात तसे. त्यातले एकवीस दाणे अख्खे होते, नखाने दाबले तर कडक. पाणी आत शिरणारच नाही अशा दाण्यांतून साखर कुठून येणार? मग दोन रुळांची गिरणी घेतली. रुळांतलं अंतर एक मिलिमीटर, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, दोन्ही टोकांना तपासून. ड्रिल लावून सावकाश फिरवते. वेगाने फिरवलं की टरफलाचा चुरा होतो. दाणा तीन-चार तुकड्यांत फुटला पाहिजे आणि टरफल जमेल तेवढं अख्खं राहिलं पाहिजे, कारण गाळणी त्याचीच व्हायची आहे.

आईची एक सवय इथे फार उपयोगी पडली. डाळ भरडायच्या आधी ती पाण्याचा हात लावायची. पाच किलो माल्टला १०० मिली पाणी फवारून, हाताने वरखाली करून पंधरा मिनिटं ठेवलं की टरफल चिवट होतं, फाटत नाही. पाण्याचा निचरा लगेच सुधारतो. पुढच्याच खेपेला हायड्रोमीटर १.०४२ वर गेला, म्हणजे जवळपास ७३ टक्के. भरड्याखेरीज दुसरं काहीही बदललं नव्हतं, म्हणून श्रेय भरड्याचंच हे कळलं. एका खेपेला एकाच गोष्टीला हात लावा.

गहू जास्त असला तर पिंप तुंबतं, कारण गव्हाला टरफल नाही. तेव्हा दोन मुठी भाताचं तूस धुऊन मिसळते.

दुसरी गळती उष्णतेची. तासाभरात माझा मॅश तीन अंश उतरायचा. पिंपाच्या भिंती जाड होत्या, पण झाकण टिचकी मारून पाहिलं तर पोकळ वाजलं. वरच्या बाजूने लहान भोकं पाडून आत फुगणारा फोम भरला, थोडा थोडा, नाहीतर झाकण फुगतं. वर जुनी गोधडी. आता एका अंशाच्या आत राहतं.

तिसरी, तळाशी अडकणारं पाणी. सव्वा लिटर गोड पाणी व्हॉल्व्हच्या खाली राहून जात होतं. जाळीच्या तोंडाची नळी बदलून तिचं टोक तळाला भिडवलं आणि शेवटी पिंपाच्या मागच्या बाजूला एक फळकुट सरकवलं. अर्धा लिटर उरतो. त्यानंतर १.०४४, ७६ टक्के. इथे मी थांबले. एवढं दर खेपेला सारखं मिळतं, आणि सारखं मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं.

पाण्याकडे मी उशिरा वळले. आमच्याकडे मिशिगन सरोवराचं पाणी येतं. त्याची क्षारता मध्यम आहे, पण फिक्या रंगाच्या बिअरला ती नडते. मॅशचा पीएच ५.२ ते ५.५ मध्ये हवा तो वर राहतो. १५ लिटर आधणाला ८८ टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल अडीच मिली मला पुरतं. तुमचं तुम्ही मोजा, नमुना गार करून. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला सगळ्या पाण्याला मिळून अर्धी कॅम्पडेन गोळी, म्हणजे सल्फाइटची गोळी. ती विसरलात तर बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास मारतो, आणि तो कशानेही जात नाही.

गार करणं आणि आंबवणं

पंधरा मीटर तांब्याच्या नळीचं वेटोळं एका डब्याभोवती हाताने वळवलं. उकळण्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ते पातेल्यात सोडायचं, म्हणजे निर्जंतुक होतं, मग नळाचं पाणी सुरू. वेटोळं हलवत राहिलं तर वेळ निम्म्यावर येतो. हिवाळ्यात पाव तासात काम होतं. जुलैत नळाचंच पाणी कोमट असतं, गोड पाणी २८ अंशांच्या खाली उतरत नाही. तेव्हा घाई करून यीस्ट टाकू नका. निर्जंतुक बादलीत ओतून, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये, आणि सकाळी १८ अंशांवर आलं की यीस्ट. विरजण लावताना दुधाचा कढतपणा बोटाने बघतो, तीच काळजी.

जुना फ्रिज आणि त्याला तापमानाचा नियंत्रक, यावर घातलेला पैसा मला सगळ्यात जास्त फळला. नियंत्रकाचा संवेदक बादलीच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा लावायचा. हवेत लोंबता ठेवला तर तो फ्रिजचं तापमान सांगतो, आणि आंबताना आतलं पाणी त्याहून दोन-चार अंश गरम असतं. काचेचे मोठे बुधले मी वापरत नाही. ओल्या हातातून सुटले तर जीवघेण्या जखमा होतात.

चोथा गरम असतानाच पिंपातून काढा. दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस दर्प येतो आणि तो प्लॅस्टिकमध्ये मुरतो. मी दोन वाट्या वाळवून थालीपिठाच्या भाजणीत दळते, बाकीचा बागेत जातो. हॉप्सचा गाळ मात्र वेगळा, घट्ट बांधून कचऱ्यात: कुत्र्यांना तो विषारी असतो, आणि शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणाखालून येतो. व्हॉल्व्ह सुटा करून धुवायचा, कारण बॉलच्या मागे साखर साठते. पिंप पालथं घालायचं, झाकण वेगळं, व्हॉल्व्ह उघडा.