खाडीतील पोषकद्रव्यांची ये-जा कशी मोजावी

कांदळवनातून खाडीत किती नायट्रेट, फॉस्फेट आणि सेंद्रिय पदार्थ जातो, हे बाटलीभर पाण्यावरून ठरवता येत नाही. कारण कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते आणि आत येणारे व बाहेर जाणारे पाणी वेगवेगळे ओझे वाहत असते. म्हणून उपखाडीच्या मुखाशी सुमारे 12 तास 25 मिनिटांचे पूर्ण चक्र, दर तासाला नमुना घेत, सलग नोंदवावे. प्रत्येक वेळी क्षारता, खोली व प्रवाहाचा वेगही टिपावा, कारण पाण्यातील प्रमाणाला त्या क्षणीच्या विसर्गाने (म्हणजे दर सेकंदाला मुखातून वाहणाऱ्या पाण्याच्या घनफळाने) गुणल्याशिवाय वहन कळत नाही.

नमुना आधी भाजून तोललेल्या काचतंतूंच्या गाळणकागदातून लगेच गाळून बर्फात ठेवावा. येथे केलेली दिरंगाई सर्वांत महाग पडते, कारण बाटलीतील सूक्ष्मजीव अमोनिया वापरत अथवा सोडत राहतात. कागदावरचा गाळ वाळवून, तोलून, 500 अंश सेल्सिअसला चार तास भाजल्यावर घटलेले वजन म्हणजे ढोबळमानाने सेंद्रिय पदार्थ.

हेच मोजमाप उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीला) आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला), शिवाय पावसाळ्यातही करावे. उधाणाचे पाणी उंचावरच्या तिवरांखालचा (कांदळवनातील झाडांखालचा) पालापाचोळा उचलते, भांगाचे तिथवर क्वचितच पोहोचते.