रिमोटवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या बग्गी गाड्यांची शर्यत भरवताना

कोणत्या सालापर्यंतच्या गाड्या चालतील, हे सगळ्यात आधी ठरवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला लेखी कळवा. इथे इंग्लंडमध्ये आम्ही गवतावर पळवतो. माझं मत विचाराल तर १९८० च्या दशकातलं डिझाइन हवं, पण कंपनीने नंतर पुन्हा काढलेली गाडीही चालू द्यावी. टामिया या जपानी कंपनीची हॉर्नेट १९८४ ची, ती २००४ मध्ये परत आली. ज्याने मूळ गाडी चाळीस वर्षं जपली, त्याला ती टेबलावर मांडून नवी पळवता येते. मोटर मात्र ५४० या मापाची, जुन्या पद्धतीची ब्रशवालीच. ब्रश नसलेल्या (ब्रशलेस) मोटरचा जोर त्या गिअरबॉक्सला झेपत नाही, दाते जातात.

कोणी २७ मेगाहर्ट्झचे जुने रिमोट आणणार असेल, तर क्रिस्टलचा, म्हणजे रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या सुट्या भागाचा, फलक टांगाच. तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे सहा रंग म्हणजे सहा फ्रिक्वेन्सी, फलकावर प्रत्येकाचा एकच चिमटा. चिमटा हातात आल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही. म्हणजे असे रिमोट एका फेरीत सहाच, २.४ गिगाहर्ट्झवाल्यांना ही अडचण नाही. एकदा फलक नव्हता आणि माझ्याच रंगावर कोणीतरी रिमोट तपासायला चालू केला. माझी फ्रॉग ही टामियाचीच बग्गी सरळ कुंपणाच्या खांबावर गेली, बंपर तुटला. तसा बंपर शोधायला मला पुढे चार महिने लागले.

आठवडाभर आधी सगळ्यांना गाडी उलटी करून बघायला सांगा. सस्पेन्शनच्या दांडीच्या मुळाशी पांढुरकी रेघ दिसली, तर प्लास्टिक तिथेच तुटणार. जपानी गाड्यांच्या स्क्रूंना जेआयएस या जपानी मापाचाच स्क्रूड्रायव्हर लावा, साध्या फिलिप्सने खाच झिजते आणि मग तो स्क्रू निघत नाही. बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड असली की काळजी नाही. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी लावायची असेल तर आवाज करणारा अलार्म हवाच, कारण मोटरचा वेग सांभाळणारा जुना स्पीड कंट्रोल, बॅटरीतला सेल तीन व्होल्टखाली गेला तरी, थांबत नाही.

ट्रॅकसाठी गवत आदल्या दिवशी कापा, वळणं पाण्याच्या पाइपने आखा. उड्या लहान ठेवा. टामियाच्या ग्रासहॉपर या बग्गीच्या शॉकमध्ये (धक्का झेलणाऱ्या नळीत) तेलच नसतं, ती पडल्यावर चेंडूसारखी उसळते.

पाच मिनिटांची फेरी पुरते. ज्यांची फेरी झाली, त्यांनीच पुढच्या फेरीला उलटलेल्या गाड्या उचलायला उभं राहायचं. त्यांना एक गोष्ट बजावून सांगा: जुन्या यांत्रिक स्पीड कंट्रोलचा रेझिस्टर बोट भाजेल इतका तापतो, गाडी बंपरला धरून उचला.

सामान आवरताना फलकावरचे सहाही चिमटे मोजा. एखादा खिशातून कोणाच्या घरी गेला असेल, तर त्याच संध्याकाळी फोन करा.