अँटिऑक्सिडंट अर्काच्या पद्धतींची तुलना: या चुका टाळा

वनस्पतीच्या भुकटीतून अँटिऑक्सिडंट काढायला ‘अल्ट्रासाउंड सर्वांत भारी’ असं ठरवून मोकळे होणारे तक्ते बघून आता कंटाळा येतो. बऱ्याचदा त्यात पद्धतींची तुलना नसतेच.

एका विद्यार्थ्याचा असाच तक्ता आला. अल्ट्रासोनिक बाथसमोर (ध्वनिलहरी सोडणारं पाण्याचं भांडं) सॉक्सलेट (वाफ थंड करून तो द्रव भुकटीवर पुन्हा पुन्हा पाडणारं उपकरण) पार झोपलेलं. विचारलं, सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) कोणता? बाथमध्ये ७० टक्के इथेनॉल, सॉक्सलेटमध्ये निव्वळ इथेनॉल! पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट संयुगं, बहुधा पाणी मिसळलेल्या इथेनॉलमध्ये जास्त उतरतात, म्हणजे बाथच्या नावावर पाण्याची कमाई लागली होती. “मग सॉक्सलेटमध्येही ७० टक्के घालतो,” तो म्हणाला. तेही जमत नाही. उकळताना वाफेत इथेनॉलचं प्रमाण वाढतं, त्यामुळे थिंबलमधल्या (भुकटी ठेवायच्या नळीतल्या) भुकटीवर ७० टक्के पडतच नाही. शिवाय उतरलेला अर्क खालच्या फ्लास्कमध्ये तासन्‌तास उकळत बसतो, आणि नाजूक संयुगं तिथेच बिघडतात. पाणीमिश्रित सॉल्व्हंट गरम करून बघायचा असेल तर मी सरळ रिफ्लक्स लावते, म्हणजे वाफ थंड करून त्याच भांड्यात परत आणत उकळते. भुकटी एकाच चाळणीतली, सॉल्व्हंटचं प्रमाणही तेच. यावर मी वाद घालत नाही.

दुसरा माझा राग ‘प्रति ग्रॅम’वर. कशाचा ग्रॅम? समजा, पहिल्या पद्धतीत वाळलेल्या भुकटीचा ५ टक्के अर्क निघाला आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम फेनॉल. दुसरीत २० टक्के अर्क, ग्रॅमला १०० मिलिग्रॅम. अर्कावर मोजलं तर पहिली जिंकते. भुकटीवर मोजलं तर पहिलीचे १० आणि दुसरीचे २० मिलिग्रॅम. दोन्ही आकडे द्या, सोयीचा एकच नको.

बाकीचं थोडक्यात. बाथचं पाणी चालता चालता तापतं, थर्मामीटर ठेवा. डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायचं जांभळं रसायन) अंधारात ठेवा. गडद अर्क स्वतःच ५१७ नॅनोमीटरला प्रकाश शोषू शकतो, म्हणून डीपीपीएचशिवायचा अर्काचा ब्लँक (वजा करायचं रीडिंग) हवाच. फोलिन अभिकर्मक (फेनॉल मोजायचं रसायन) क जीवनसत्त्वालाही प्रतिसाद देतो, तो सगळा आकडा फेनॉलच्या खात्यात टाकू नका.

एकाच अर्काचं तीनदा रीडिंग घेणं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. भुकटी तीनदा वेगळी तोलून अर्क तीनदा काढावा लागतो. वेळ जातो, जाऊ द्या. आणि मॅसरेशनला (भुकटी सॉल्व्हंटमध्ये नुसती भिजत ठेवण्याला) जेमतेम दोन तास देऊन ‘कमकुवत पद्धत’ असा शेरा मारणाऱ्यांनी ते निदान रात्रभर ठेवून, मधूनमधून हलवून, पुन्हा मोजावं.